सतरा मिनिटं

“मॅडम, सीड्या किती?”

“चार.”

“चार आत. बाहेर एकबी न्हाई.”

बोगद्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराने चारही सीड्या उलटसुलट करून पाहिल्या, वहीत लिहिल्या आणि माझा मोबाइल खणात टाकून कुलूप लावलं. मग एक गुलाबी गेटपास माझ्या हातात दिला. पाळीच्या इन्चार्जची त्यावर सही असल्याशिवाय आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

“आणि माणूस?” मी गंमत म्हणून विचारलं.

“माणूसबी,” तो म्हणाला. त्याला गंमत वाटली नव्हती.

ही गोष्ट २००३ सालच्या फेब्रुवारीतली. डोंगराच्या पोटात खोदलेलं ते एक लहान जलविद्युत केंद्र होतं. जीपने बोगद्यातून आत जायला आठ-दहा मिनिटं लागायची आणि आत पोचलं की जनित्रांची घरघर कानात नाही, दाढांत ऐकू यायची. भिंती चोवीस तास ओल्या. माझं वय सत्तावीस. जगातल्या निम्म्या अडचणी लोक नीट रांगेत उभे राहत नाहीत म्हणून होतात, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. घरात मसाल्याचे डबेसुद्धा मी अक्षरांच्या क्रमाने लावायची. आई वैतागायची.

मी पुण्याच्या ज्या कंपनीत होते, तिने त्या केंद्राला एक प्रोग्रॅम करून दिला होता. कोणता भोंगा कधी वाजला, कोणता दरवाजा कधी उघडला, सगळं तो वेळेसकट नोंदवून ठेवायचा. बारा दिवसांपूर्वी तिथे एक माणूस गेला होता. खरं तर बाई. नदीत पाणी सोडायचा दरवाजा उघडण्याआधी भोंगा द्यायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं, असा नियम होता. त्या दिवशीच्या आमच्या छापील अहवालात भोंगा होता दोन वाजून दहा मिनिटांनी आणि दरवाजा दोन वाजून बारा मिनिटांनी. खालच्या वाडीतली शालन नावाची बाई एकटीच गोधड्या धूत होती. ती वाहून गेली.

दरवाजा उघडणारा ऑपरेटर हिंदुराव घाटगे निलंबित होता आणि त्याच्यावर पोलीस केस होणार होती. तो म्हणत होता, मी पूर्ण पंधरा मिनिटांच्या वर थांबलो. आमचं मशीन म्हणत होतं, दोन.

“मृणाल, जायचं, नोंदी बरोबर आहेत हे दाखवायचं, अहवालावर सही करायची आणि यायचं,” निघताना आमच्या सप्रेसाहेबांनी बजावलं होतं. “त्या ऑपरेटरची चूक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. चौकशीवाल्यांना फक्त आपला कागद हवाय.”

कागद लिहायचा तर आधी दाखवायला हवं होतं की प्रोग्रॅम वेळ नोंदवताना चुकत नाही. त्यासाठी डीबगर लागतो. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या नाडीवर बोट ठेवून, आता तू काय करतोयस, हे त्याला पावलापावलाला विचारणारं साधन. ते मशीन इतकं जुनं होतं की त्याच्या जातीचं दुसरं आमच्याकडेही उरलं नव्हतं. त्यावर डीबगर नव्हता, आणि माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर होता तो नावापुरता. तेव्हा कंपायलर आणि डीबगर या दोन्हींचा फुकट मिळणारा, सगळ्यांना खुला असलेला सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, सीड्यांवर घ्यायचा आणि दोन्ही तिथेच, त्याच मशीनवर बांधून काढायचे, असं ठरलं. बांधायचा क्रमही मीच ठरवला होता. आधी कंपायलर, मग डीबगर.

कंट्रोल रूममध्ये दुपारच्या पाळीचे इन्चार्ज बेडेकर स्वतः माझ्यासाठी सकाळपासून येऊन बसले होते. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. खांद्यावरच्या पिशवीत थर्मास.

“अहो, किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“सगळं नीट झालं तर संध्याकाळ.”

“तोवर हा इथेच बसेल. तपासणीच्या वेळी ऑपरेटर हजर पाहिजे, असा हुकूम आहे.”

भिंतीलगतच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. मी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि पाठ करून मशीनसमोर बसले. आरोपीशी गप्पा मारायच्या नसतात, एवढं मला कळत होतं.

पावणेदहाला बिल्ड, म्हणजे ही बांधणी, सुरू केला. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. तासाभराने माझ्या मागून आवाज आला.

“मॅडम, हे काय चाललंय म्हनायचं?”

हिंदुराव. मी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आणि लगेच दिलं, कारण माझं काम कुणी विचारलं की मला राहवत नाही.

“या मशीनवर एक वाईट कंपायलर आहे. त्याच्याकडून मी चांगला कंपायलर बनवून घेतेय. पण वाईटाने बनवलेल्यावर भरवसा कसा ठेवणार? म्हणून तो नवा कंपायलर स्वतःलाच पुन्हा बनवतो. मग तो बनलेला आणखी एकदा स्वतःला बनवतो. शेवटचे दोन तंतोतंत सारखे निघाले तर पास.”

“म्हंजे विरजण,” तो म्हणाला. “आंबट विरजणाचं पयलं दही टाकून द्यायचं, त्यातल्या चमच्याचं दुसरं लावायचं.”

इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी हसले आणि हसल्याचा मला राग आला.

दीडच्या सुमाराला बेडेकर खुर्चीशी आले. “मॅडम, आता तासभर जागा द्या. पाळी बदलते. हँडओव्हरचा कागद या मशीनवरून निघतो.”

“बिल्ड चालू आहे. बंद केला तर सकाळपासूनचं पाण्यात.”

“बंद करा असं कुठे म्हणतोय? तुम्ही जेवून घ्या फक्त.”

मी बिल्ड मागच्या बाजूला चालू ठेवला आणि उठले. कँटीन शेजारीच होतं, बिनखिडकीचं. माझ्याजवळ दोन केळी होती. हिंदुराव माझ्या मागोमाग आला, समोर बसला, आणि न विचारता भाकरीचा चतकोर आणि पावट्याची उसळ झाकणात काढून माझ्याकडे सरकवली.

“मला हितं बदलून येऊन दोनच म्हैनं झालं,” तो म्हणाला. “आदी कोकणातल्या स्टेशनला हुतो. एकोनीस वर्सं. एक डाग न्हाई.”

“त्या दिवशी काय झालं?” हे मी विचारायला नको होतं.

“येऊन खुर्चीत बसलो, तवर वरनं फोन आला, पानी सोडा. मी मनगटावर बघितलं. पाच कमी दोन. भोंगा दिला. मंग बसलो. पंधरा मिन्टं झाली, वर दोन जाऊ दिली. दोन वाजून बाराला बटन दाबलं.”

“दरवाज्याची वेळ नोंदीत तीच आहे. दोन बारा.”

“तेच तर!” त्याने हातातला घास खाली ठेवला. “साहेब लोक तेच म्हंत्यात. दरवाज्याची येळ तुझ्या घड्याळाशी जुळती, मंग भोंग्याचीच कशी चुकंल? मशीन तर एकच हाय. पयलं चार दिवस मी भांडलो. मशीन खोटं बोलतंय म्हनलो. आता मला मॅडम, झोपंत दिसतं. मी भोंगा देतो आन् लगीच बटन दाबतो. रोज दिसतंय. आता मलाच खातरी न्हाई, खरं कुठलं हाय ते.”

मी भाकरी खाल्ली. चांगली होती. या माणसाविरुद्ध संध्याकाळी मी सही करणार आहे, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही असावं.

सव्वादोनच्या पुढे मी परत खुर्चीवर बसले. सकाळची पाळी निघून गेली होती, बेडेकरांची माणसं जागेवर होती. पडद्यावर नवीनच ओळ आली होती. ही फाइल भविष्यकाळातली आहे. तिच्याखाली दुसरी फाइल, तिच्याबद्दलही तेच. मग, घड्याळात तफावत आढळली, बिल्ड अपुरा राहू शकतो. आणि बिल्ड पुढे सरकतच नव्हता. त्याच पाच-सहा फायली तो पुन्हा पुन्हा बनवत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बिल्ड करणारं साधन फारसं हुशार नसतं. ते फक्त तारीखवेळ बघतं. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा दिसला की ते म्हणतं, हे शिळं झालं, पुन्हा करा. कच्च्या मालावर पुढची वेळ पडली तर ती वेळ उलटेपर्यंत पक्का माल कितीदाही करा, तो शिळाच ठरतो.

पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या. सीड्या पुण्यात भरताना काहीतरी घोळ केला असणार. मग फायली पाहिल्या. या फायली सीडीवरच्या नव्हत्याच. त्या आज, इथे, मी केळी खात असताना तयार झाल्या होत्या. ज्या क्रमाने बनल्या त्या क्रमाने मी त्यांच्या वेळा काढल्या. एक त्रेचाळीस. एक चव्वेचाळीस. दोन वाजता. दोन एक. असं करत दोन एकोणीसपर्यंत. आणि त्यानंतर बनलेली फाइल दोन पाचची.

मी वेळा तीनदा वाचल्या. घड्याळ आधी पंधरा मिनिटं पुढे उडी मारून गेलं होतं आणि वीस मिनिटांनी तेवढंच मागे आलं होतं. बिघडलेलं घड्याळ असं मोजून मापून बिघडत नाही.

मग मी बारा दिवसांपूर्वीची नोंदींची मूळ फाइल उघडली. चौकशीवाल्यांनी पाहिला होता तो छापील अहवाल, आणि छापील अहवालात नोंदी वेळेच्या क्रमाने लावलेल्या असतात. मूळ फाइलमध्ये त्या जशा घडल्या तशा, एकाखाली एक, पडत जातात. ती फाइल आजवर कुणी उघडलीच नव्हती. तिच्यात होतं: दोन दहा, भोंगा. त्याखाली, दोन अठरा, तेलाचा दाब कमी. त्याखाली, दोन बारा, दरवाजा उघडला.

दोन अठराच्या नंतर दोन बारा. भोंगा घड्याळ पुढे असताना वाजला होता आणि दरवाजा घड्याळ मागे घेतल्यावर उघडला होता. पंधरा अधिक दोन. हिंदुरावाच्या मनगटावरचं घड्याळ मिनिटाचंही चुकलं नव्हतं.

अहवालात नोंदी वेळेच्या क्रमाने लावायचा भाग कुणी लिहिला होता? मी. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या विस्कळीत नोंदी बघवेनात म्हणून एका शनिवारी हौसेने लिहिला होता. क्रम तसाच राहू दिला असता तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं की अठराच्या खाली बारा कसे आले. मी सगळं रांगेत उभं केलं आणि खरं काय ते त्या रांगेत हरवलं.

मी मागे वळून पाहिलं. हिंदुराव बाकावर बसला होता. मी उठले आणि बेडेकरांच्या काचेच्या केबिनमध्ये गेले.

“घड्याळ कोण हलवतं?”

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. उगीच मला वेड्यात काढायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे मी कबूल करते.

“सकाळचे इन्चार्ज पुढे नेतात. मी मागे आणतो,” ते म्हणाले. “कॉलनीच्या फाटकावरून एसटी दोनला सुटते. पुढची साडेपाचला. हँडओव्हरच्या कागदावर दोन वाजल्याशिवाय पाळी सुटत नाही, आणि इथून वर जायला दहा मिनिटं. आठ तास या भोकात काढून माणसं वर जाणार आणि साडेतीन तास फाटकावर बसणार. त्यांच्या बायकापोरांनी काय करावं? म्हणून पावणेदोनला दोन करतात, कागद छापतात, आणि ती गेली की मी सारखं करून ठेवतो. सहा वर्षं चाललंय. हिंदुराव नवा, त्याला हे ठाऊक नाही. कुणाचं वाईट झालं नाही.”

“झालं की.”

त्यांनी थर्मास बाजूला सरकवला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवशी नाही. चौकशीत तुमचा तो कागद वाचला, तेव्हा लक्षात आलं. दोन पाचला मी घड्याळ मागे घेतलं होतं. हा माझ्यासमोर मनगट डोळ्यांशी धरून बसला होता.”

“आणि तुम्ही गप्प राहिलात.”

“मॅडम, दोन्ही पाळ्यांची मिळून सव्वीस माणसं आहेत. सहा वर्षांच्या कागदांवर खोट्या वेळा आहेत आणि खाली सह्या आहेत. सगळे घरी जातील.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “तुम्ही एक करा. मशीनच्या घड्याळात दोष आहे, असं लिहा. हा सुटेल, माणसं वाचतील. मशीन जुनंच आहे, कुणाला खोटं वाटणार नाही.”

“मशीनमध्ये दोष नाही.”

“तुमच्या कंपनीला विचारा तरी.”

फोन त्यांच्याच टेबलावर होता. मी सप्रेसाहेबांना सगळं सांगितलं. बेडेकर समोर बसून ऐकत होते.

“मशीनचा दोष? वेडी आहेस?” सप्रे म्हणाले. “असली मशीनं आपण आणखी किती ठिकाणी बसवलीत? आणि घड्याळाचंही लिहू नकोस. आपल्याला नोंदी तपासायला बोलावलंय, त्यांची बस तपासायला नाही. आणि एक सांग, अहवालात क्रम कुणी लावला? मूळ नोंदी लपल्या कुणामुळे?”

“माझ्यामुळे.”

“मग ते कशाला उकरतेस? नोंदी बरोबर आहेत असं लिही. त्या आहेतच बरोबर. मशीनने ज्या वेळी जे पाहिलं तेच नोंदवलं. सही कर आणि ये.”

फोन ठेवला. बेडेकरांनी सकाळी जमा करून घेतलेला माझा गुलाबी गेटपास टेबलावर समोर ठेवला आणि त्यावर पेन आडवं.

“तुमचा अहवाल द्या, मी लगेच सही करतो. जीप उभी आहे.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“तर तो कागद बाहेर न्यायला माझी सही लागेल,” ते मऊ आवाजात म्हणाले. “ती मी कशी करू? तुम्हीच सांगा.”

माझी चिडचिड झाली, पण त्याहून जास्त भीती वाटली. मोबाइल वर कुलपात. सीड्या बाहेर जाणार नाहीत, कागद जाणार नाही, मी जाणार नाही. पुराव्याशिवाय मी पुण्यात जाऊन काय सांगणार, आणि कुणाला? सप्रेंना? तीन प्रकारे अहवाल लिहिता येत होता आणि तिन्हींत कुणीतरी मरत होतं. एकात हिंदुराव, एकात सव्वीस घरं, एकात खोटं बोलून मी. शिवाय खरं लिहिलं तरी त्यात माझी नोकरी जाणारच होती.

मी परत मशीनसमोर येऊन बसले. पुढची वेळ उलटून गेल्यावर बिल्ड आपोआप पुढे सरकला होता. तिकडे बघायचंही मला सुचलं नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. त्या जागेत दिवस कळत नाही, दिवे तेच, ओल तीच. एकदा मी उठून कंट्रोल रूमच्या लोखंडी दारापर्यंत गेले. तिथल्या रखवालदाराने हात पुढे केला, पास. मी परत आले. कोऱ्या अहवालावर फक्त तारीख लिहिली होती. वेळ लिहायची हिंमत होत नव्हती.

खरं सांगायचं तर मी जवळजवळ सही केली. वाक्यसुद्धा जुळवलं होतं: नोंदी तपासल्या, प्रोग्रॅममध्ये दोष आढळला नाही. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पेन उचललं होतं. आज मी माझ्या ऑफिसातल्या मुलांना प्रामाणिकपणावर व्याख्यानं देते, तेव्हा ते पेन मला हातात जाणवतं.

तेवढ्यात हिंदुराव बाकावरून उठला. तो माझ्याकडे आला नाही. सरळ बेडेकरांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं.

“साहेब, कागद द्या. मी लिहून देतो.”

“काय लिहून देतोस?”

“मी दोन मिन्टांत दरवाजा उघडला. आता आठवतंय मला. भोंगा दिला, खिशातनं तंबाकू काढली, मळली, तोंडात टाकली आन् बटन दाबलं. दोनच मिन्टं झाली हुती. घाई केली मी. त्या मॅडम सकाळपास्नं मशीनला विचारून विचारून दमल्या. त्यास्नी घरी जाऊ द्या. तुमालाबी तरास नको.”

बेडेकर उभे राहिले होते.

“अरे, पण तू...”

“तंबाकूची चव बी आठवतीय साहेब. ती बाई माझ्यामुळं गेली. उगा माझं घड्याळ, माझं घड्याळ करत बसलो बारा दिस.” त्याचा आवाज शांत होता, एखादं दुखणं एकदाचं ठरल्यावर होतो तसा. “कुठं लिहू?”

मी केबिनच्या दारात पोचले होते. मला ओरडायचं होतं, पण माझ्याआधी बेडेकर ओरडले. त्या मऊ माणसाचा तसा आवाज मी अपेक्षिला नव्हता.

“गप! गप बस, हिंदुराव! तंबाखू खाल्लीच नव्हतीस तू. मी बघत होतो तुझ्याकडे. तू हात वर धरून बसला होतास. सतरा मिनिटं थांबलास. मोजून सतरा.”

बाहेर टेबलांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. बेडेकरांनी हिंदुरावाच्या हातातलं पेन काढून घेतलं, खाली बसले आणि लिहायला लागले. घड्याळ रोज हलवलं जातं. त्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी मी ते पंधरा मिनिटं मागे घेतलं. भोंगा त्याआधी वाजला होता. ऑपरेटर सतरा मिनिटं थांबला होता. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मग माझा कागद मागितला. मी उभ्याउभ्याच त्यावर लिहिलं की मूळ नोंदींचा क्रम अहवालात बदलला जातो आणि तो बदलणारा भाग मी लिहिला आहे. मूळ नोंदी आणि फायलींच्या वेळा छापून सोबत जोडल्या. बेडेकरांनी गेटपासवर सही केली, त्यावर ‘चार कागद’ असंही लिहिलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसली.

डीबगर त्या दिवशी बांधलाच गेला नाही. कंपायलरही अर्धाच राहिला. दोन महिन्यांनी माझी नोकरी गेली, बेडेकरांची त्याआधी. बाकीच्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. तेवढी हिंमत मला आजही नाही.

पण सांगायचं आहे ते हे नव्हे. जीपमध्ये हिंदुराव माझ्यासोबत बसला होता. तो हसेल, रडेल, निदान सुटकेचा श्वास टाकेल, असं मला वाटत होतं. खरं तर मला तसं हवं होतं. एवढं करून झाल्यावर मला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. तो बोगद्याच्या भिंतीवरचे दिवे एकामागून एक मागे पडताना बघत होता.

“सतरा नक्की ना मॅडम?” त्याने विचारलं.

“नक्की. मशीनमध्येच आहे. तुम्ही बरोबर होतात.”

त्याने मान हलवली. पुढचे तीन-चार दिवे गेले. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात ठेवून दिलं.

“दोन मिन्टं असती तर समजलं असतं,” तो म्हणाला. “दोन मिन्टांत मानूस धुनं टाकून काय उठनार? पन सतरा मिन्टं लय असत्यात वो. भोंगा दिलता मी. मोठा दिलता.” त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो मला खरोखरच विचारत होता. “मंग ती का उठली न्हाई?”